शिंपला वाचायला शिका

(रेडिओवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



शेतीच्या कार्यक्रमात शिंपल्याचं काय काम, असं काही जणांना वाटेल. पण खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. भाताचं एक पीक घरात आलं की खारवट जमिनीत पुढं फारसं काही होत नाही. मग ओहोटी लागली की घरच्या बाया पाटी घेऊन खाडीत उतरतात. तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, जे मिळेल ते आणतात. थोडं घरच्या कालवणाला आणि बाकीचं बाजारात, वाटे लावून. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या-पुस्तकं यांचा खर्च बऱ्याच घरांत यातून निघतो.

म्हणजे खाडी हेही एक शेतच झालं. तिथं पेरणी आपण करत नाही, कापणी तेवढी करतो. आता पेरणी न करता दरसाल कापणी करायची असेल, तर बियाणं राखलं पाहिजे. बियाणं कोणतं आणि पीक कोणतं, हे ओळखायचं कसं? ते शिंपल्यावरच लिहिलेलं असतं. ते वाचायचं कसं, एवढंच आज सांगणार आहे. त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही. घरी रिकामे शिंपले पडलेले असतील, त्यांतले दोन-चार घेऊन बसा.

दोन झडपांचा प्राणी

शंख, गोगलगाय आणि शिंपला ही एकाच गोतातली मंडळी. अंग मऊ, आत हाड नाही, म्हणून शास्त्रात यांना मृदुकाय म्हणतात. गोगलगाईचं घर एकसंध, वळ्यावळ्यांचं. शिंपल्याचं घर मात्र दोन झडपांचं. तुरीच्या दाण्याला दोन डाळी असतात, तसं. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली दोन झडपांच्या या प्राण्यांचा वेगळा गट मांडला. आज जगात यांच्या ९ हजारांवर जिवंत जाती आहेत.

या प्राण्याला डोकं नाही. दोन्ही झडपांना आतून चिकटून एक पातळ पडदा असतो. हा पडदाच कवच तयार करतो, म्हणून त्याला आपण गवंडी म्हणू. पडद्याच्या आत कल्ले असतात. मासा कल्ल्यानं श्वास घेतो. शिंपला कल्ल्यानं श्वासही घेतो आणि अन्नही गाळून घेतो. चिखलात शिरायला कुदळीच्या पात्यासारखा एक मांसल पाय असतो. तिसऱ्यांसारख्या गाळात राहणाऱ्या जातींना मागच्या बाजूला दोन नळ्या असतात. एकीतून पाणी आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. पाण्यातले बारीक जीव आणि कण गाळून खायचे, हेच त्याचं जेवण. ही गाळण्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं ती कामाला येईल.

कवच कशाचं?

कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. चुनखडी ज्याची, तेच हे द्रव्य. कवचाला थर असतात. सर्वांत बाहेर पातळ साल, तपकिरी किंवा हिरवट. जुन्या शिंपल्यावर ती झिजून जाते. तिच्या खाली कठीण थर आणि सर्वांत आत गुळगुळीत अस्तर. हे अस्तर सगळ्यांचं सारखं नसतं. तिसरीचं आतलं अंग चिनी मातीच्या बशीसारखं पांढरं. नदीतल्या शिंपल्याचं मात्र चमकदार, उजेडात रंग बदलणारं. मोती होतो तो याच चमकदार द्रव्याचा. म्हणून ज्याच्या पोटात चमक नाही, त्यात चमकदार मोती शोधत बसू नये.

बाहेरून काय दिसतं?

आता एक तिसरी हातात घ्या. जिथं दोन झडपा जोडलेल्या आहेत तिथं एक उंचवटा, टोकासारखं दिसेल. हा शिंपल्याचा सर्वांत जुना भाग. पिल्लू असताना जेवढं घर होतं, ते तिथं आहे. पुढं गवंडी कडेकडेनं बांधत गेला. म्हणजे टोक जुनं आणि कड नवी.

टोकाभोवती कडेला समांतर अशा रेघा दिसतील. बैलाच्या शिंगावर जशी वळी पडतात तशा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं. शिंपला झडपा मिटून बसतो, वाढ थबकते आणि तिथं एक ठळक रेघ राहते. पण रेघा मोजून वय सांगताना जपून. काही जातींवर जन्मतःच एकसारख्या अंतराची नक्षी असते, ती वयाची खूण नव्हे. शिवाय एखाद्या वेळी नुसत्या धक्क्यानंही रेघ पडते. ठळक रेघ अजून पडलेली नाही, कड पातळ आणि धारदार आहे, तर तो शिंपला वाढीला लागलेला आहे, एवढं नक्की समजा.

टोकाच्या मागं, सांध्यावर, रबरासारखी तपकिरी पट्टी असते. तिला सांधपट्टी म्हणू. तिचं काम उलटं आहे. आपल्याला वाटतं की ती झडपा बंद ठेवते. नाही, ती झडपा उघडते. बंद करण्याचं काम आतल्या स्नायूंचं. झडपा मिटल्या की पट्टी दाबली जाते. स्नायू सैल पडले की ती आपोआप झडपा फाकवते. म्हणूनच मेलेला शिंपला उघडा पडतो. प्राणी मेला, स्नायू सुटले, पट्टीनं दार उघडलं.

आतून काय दिसतं?

आता रिकाम्या शिंपल्याची आतली बाजू पाहा. चार खुणा आहेत.

पहिली, बिजागरी. टोकाच्या खाली लहान दात आणि त्यांना बसणाऱ्या खाचा दिसतील. हे चावायचे दात नव्हेत. दोन झडपा इकडंतिकडं सरकू नयेत म्हणून सुताराच्या सांध्यासारखी ही बैठक आहे. जात ओळखायला ही सगळ्यांत भरवशाची खूण.

दुसरी, स्नायूंचे वण. जिथं स्नायू चिकटले होते तिथं गोलसर डाग असतात. तिसरीला असे दोन, दोन टोकांना एकेक. कालवाला एकच.

तिसरी, आतली रेघ. कडेपासून थोडी आत, कडेला समांतर जाणारी. गवंडी-पडदा इथं चिकटलेला होता.

चौथी, खाच. काही शिंपल्यांत ही रेघ मागच्या बाजूला आत वळून खाच करते. नळ्या आत ओढून ठेवायची ती जागा. खाच खोल, तर नळ्या लांब. नळ्या लांब, तर तो प्राणी गाळात खोल राहणारा. खाच उथळ असेल किंवा नसेलच, तर तो वरच्यावर राहणारा. म्हणजे रिकामा शिंपला पाहूनही तो किती खोल राहत होता याचा अंदाज येतो. जो वरच्यावर राहतो त्याच्यासाठी फावड्यानं हातभर गाळ उपसायचं कारण नाही. तसं केलं की पिल्लं गाडली जातात आणि पुढच्या वर्षाचं पीक आपणच मोडतो.

कोण कोणत्या गटातला?

नावं खाडीगणिक बदलतात. एका गावची तिसरी ती दुसऱ्या गावची शिवली. म्हणून नावावर न जाता खुणांवर जावं.

तिसऱ्यांचा गट. दोन्ही झडपा सारख्या, टोकाखाली प्रत्येक झडपेत तीन मुख्य दात, वण दोन, आत चमक नाही, रेघेला खाच आहे. यातली एक जात जाड, तिकोनी, गुळगुळीत आणि तकतकीत. तिची खाच उथळ. दुसरीच्या पाठीवर कडेला समांतर अशा खोबणी; ती जरा लांबट.

रक्ताळ शिंपला. फुगीर, पाठीवर टोकापासून कडेपर्यंत जाणाऱ्या जाड पन्हळी, मंगलोरी कौलासारख्या. बिजागरीवर कंगव्यासारखे पुष्कळ बारीक दात, एका ओळीत. रेघेला खाच नाही. फोडला तर लाल रक्त निघतं. लोक त्याला घाबरून नासका समजतात. तो नासका नव्हे. आपल्या रक्तात जसं लाल द्रव्य असतं, तसंच त्याच्याही असतं.

शिणाणे. मालवण आणि गोव्याकडं खडकांवर सापडतात. लांबट, हिरवट कवच, टोक अगदी निमुळत्या बाजूला. बिजागरी दुबळी. पायाजवळून धाग्यांचा झुपका निघतो आणि त्यानं तो खडकाला बांधलेला असतो. गाळात शिरत नाही, म्हणून लांब नळ्या नाहीत आणि खाचही नाही.

कालवं. दोन झडपा सारख्या नाहीत. डावी खोलगट, ती खडकाला कायमची चिकटलेली. उजवी चपटी, झाकणासारखी. बिजागरीला दात नाहीत, वण एकच. जागा मिळेल तसा आकार, म्हणून दोन कालवं सारखी दिसत नाहीत.

खिडकीचा शिंपला. ताटलीसारखा चपटा, पातळ, उजेड आरपार जाणारा. बिजागरीपाशी उलट्या व्ही-सारख्या दोन कडा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी हेच शिंपले बसवलेले दिसतात.

नदी-तळ्यातला शिंपला. घाटावरच्या मंडळींना हा माहीत असतो. लांबट, बाहेरून काळपट, आतून चमकदार. याची अगदी बारीक पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि मगच तळाशी उतरतात. म्हणून ज्या नदीतला मासा गेला, तिथला शिंपलाही पुढं जातो.

काय घ्यावं, काय सोडावं?

तिसऱ्या आणि कालवं आपली अंडी व बीज पाण्यात सोडतात, तीही लाखांनी. पिल्लं काही दिवस पाण्यात तरंगतात, मग तळाशी बसतात आणि नंतर फारशी जागा सोडत नाहीत. म्हणजे एका पट्टीवरचे मोठे शिंपले संपवले, तर दुसरीकडचे चालत येणार नाहीत. पाण्याबरोबर पिल्लं आली तरच पट्टी पुन्हा भरते.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचा खाडीतलाव आहे. तिथल्या तिसऱ्या परदेशी जाऊ लागल्या तशी उपसा वाढला आणि १९९० च्या दशकात उत्पादन घसरलं. मग लोकांनी, सरकारनं आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात बंदी. जाळ्याचा डोळा ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. फार बारीक माल निर्यातीला घ्यायचा नाही. नियम पाळले गेले आणि पट्ट्या सावरल्या. २०१४ साली या तिसऱ्यांच्या मासेमारीला जबाबदार मासेमारीचं मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलं.

आपल्याकडं विणीचा काळ जातीप्रमाणं आणि खाडीप्रमाणं वेगळा असतो. तेव्हा केरळचे महिने जसेच्या तसे उचलू नका. आपल्या खाडीचा काळ मत्स्य व्यवसाय खात्याच्या कार्यालयात किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा. पण चाळणीला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्या डोळ्याची जाळी घ्या, पाटीतला माल पाण्यातच चाळा. खाली पडेल ते बियाणं. ते तिथल्या तिथं, ओल्या गाळात विखरून सोडा. उन्हात ढीग करून ठेवू नका. बारीक तिसरीत मांस ते किती? वाट्याला चार पैसे कमीच मिळतात. तीच पुढं वाढली तर वजन भरतं आणि त्याआधी ती विणूनही जाते. एका वाडीनं चाळणी वापरली आणि शेजारच्या वाडीनं खरवडून नेलं, तर उपयोग नाही. तेव्हा ग्रामसभेत, बचतगटात हा विषय काढा आणि एकत्र ठरवा.

खाताना सांभाळा

सांधपट्टीचं काम आता तुम्हाला माहीत आहे. उघड्या शिंपल्यावर टिचकी मारा. जिवंत असेल तर मिटून घेईल. न मिटणारा मेलेला समजा आणि टाकून द्या. फार जड लागला तर आत नुसता चिखल असू शकतो, तो वेगळा काढा. वाळू सुटावी म्हणून भिजत घालताना स्वच्छ खारं पाणी घ्या. गोड्या पाण्यात तो दार लावून बसतो आणि वाळू आतच राहते.

आणि ती गाळण्याची गोष्ट. शिंपला पाणी गाळतो, म्हणजे पाण्यातली घाणही त्याच्या अंगात साठते. गटाराच्या तोंडाशी, कारखान्याचं पाणी येतं तिथं किंवा बोटींचं तेल सांडतं तिथं शिंपले काढू नयेत. चांगले शिजवल्यानं रोगजंतू मरतात. पण कारखान्याच्या पाण्यातल्या विषारी धातूंवर शिजवण्याचा उपाय चालत नाही. समुद्रात काही वेळा विषारी सूक्ष्म वनस्पतींची वाढ होते, तिचं विषही शिजवून जात नाही. केरळात विळिंजम इथं १९९७ साली शिणाण्यांच्या जातीचे शिंपले खाऊन ७ माणसं दगावली. पाण्याला लाल, तपकिरी असा चमत्कारिक रंग आला असेल तर काढणी थांबवा. रंग दिसला नाही तरी विष असू शकतं, म्हणून मत्स्य खात्याची सूचना आली तर ती पाळा. शिंपले खाल्ल्यावर ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी होऊ लागली, हातपाय बधिर झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. श्वास बंद पडण्याचा धोका असतो.

रिकाम्या शिंपल्याचा उपयोग

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते कोंबडी आणणार कुठून? शिंपले स्वच्छ धुवा, वाळवा आणि ज्वारीच्या दाण्याएवढे कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावरची कोंबडी लागेल तेवढं टिपून घेते. लहान पिल्लांना मात्र हे देऊ नका.

कोकणची जांभ्याची जमीन बहुधा आंबट असते. तिथं चुना उपयोगी पडतो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १०० किलो भाजलं तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो, बाकीचा वायू होऊन जातो. न भाजता बारीक दळलेला शिंपलाही चालतो, त्याचा गुण सावकाश येतो. शिंपल्यातलं मीठ जावं म्हणून तो एक पावसाळा बाहेर ठेवावा किंवा गोड्या पाण्यानं धुवावा. चुना किती घालायचा ते माती परीक्षणाच्या अहवालावरून ठरवा, अंदाजानं नको. शेणखत, युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांच्याबरोबर चुना मिसळू नका, नत्र वायू होऊन उडून जातं. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. डोळे आणि पोरं सांभाळा.

मात्र कालवांच्या पट्टीतले सगळे रिकामे शिंपले उचलून आणू नका. तरंगणाऱ्या पिल्लांना चिकटायला कठीण जागा लागते आणि जुनी कालवं ही त्यांची आवडती जागा. सिंधुदुर्गात बचतगटांच्या महिला कालवं आणि शिणाणे पाळू लागल्या आहेत. कालवांचं बीज धरायला जुने शिंपले दोरीत ओवून पाण्यात सोडतात, ते याच कारणानं.

मोत्याबद्दल दोन शब्द

गोड्या पाण्यातल्या मोत्याच्या शेतीच्या जाहिराती अलीकडं पुष्कळ दिसतात. मोती होतो, हे खरं. शिंपल्याच्या आत शस्त्रक्रियेनं बीज बसवतात आणि त्यावर चमकदार थर चढायला बरेच महिने लागतात. त्या काळात काही शिंपले मरतात आणि सगळेच मोती विकण्याजोगे निघत नाहीत. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत याचं प्रशिक्षण मिळतं. "पैसे भरा, मोती आम्ही विकत घेऊ" असं कोणी म्हणालं, तर लेखी करार नीट वाचा, जाणत्याला दाखवा. एवढं केल्याशिवाय पैसा सोडू नका.

ध्यानात ठेवा

१. टोक जुनं, कड नवी. पातळ धारदार कडेचा बारीक शिंपला म्हणजे बियाणं.
२. जात ओळखायची ती बिजागरी, वण, रेघ आणि खाच यांवरून.
३. उथळ राहणाऱ्यासाठी खोल खणू नका.
४. पाटीतला माल पाण्यातच चाळा, बारीक तिथंच सोडा.
५. टिचकीला न मिटणारा शिंपला टाकून द्या. घाण पाण्यातले काढूच नका.
६. रिकामे शिंपले कोंबड्यांना आणि जमिनीला वापरा, पण कालवांची पट्टी उघडी पाडू नका.

उद्या ओहोटीला जाल तेव्हा पाटीतले चार शिंपले वेगळे काढून या खुणा पडताळून पाहा. घरातल्या पोरासोरांनाही दाखवा, कारण ही खाडी पुढं त्यांनाच कसायची आहे. काही अडलं तर कृषी किंवा मत्स्य खात्याच्या माणसाला विचारा.

आज इथंच थांबतो.